कार्व्हरच्या शेजारचा माणूस

मराठी घरात जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर कोण, हे समजावून सांगावं लागत नाही. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' १९८१ साली आलं आणि तेव्हापासून मुंजीत, वाढदिवसाला, शाळेच्या बक्षीस समारंभात ते इतक्या वेळा दिलं गेलंय की आपल्यापैकी कित्येकांकडे त्याच्या दोन-दोन प्रती निघतील. इकडे येताना बॅगेच्या वजनाची मारामार असतानाही लोणच्याच्या बरणीशेजारी ते पुस्तक कोंबणारी मंडळी मला माहीत आहेत. आणि गंमत अशी की ज्या टस्कीगी गावात कार्व्हरनं आयुष्याची शेचाळीस वर्षं काढली, ते अटलांटाहून मंटगमरीला जाताना हायवेपासून जेमतेम दहा मिनिटांवर आहे; पण तिथं जाऊन आलेला मराठी माणूस शोधावा लागतो!

मी कामानिमित्त त्या रस्त्यानं वरचेवर जातो. (मोटारींच्या सुट्या भागांचा धंदा, मंटगमरीच्या आसपास त्याचे कारखाने बरेच आहेत.) अलाबामाची हद्द लागली की घड्याळ एक तास मागं जातं. हा फुकटचा तास हळूहळू मी टस्कीगीत घालवायला लागलो. आधी कार्व्हर म्युझियम, मग विद्यापीठाचा परिसर, आणि शेवटी तिथल्या आर्काइव्हजमध्ये, म्हणजे दप्तरखान्यात, काय काय आहे याची चौकशी. हा लेख त्यातून निघाला. त्यात कार्व्हर आहेच, पण त्याच्याच काळात, त्याच आवारात काम करणारा आणि आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नसलेला एक माणूस जास्त आहे. (पुस्तकामुळे कार्व्हरला एकेरीत संबोधायची सवय लागून गेलीय, ती मोडणं आता जमायचं नाही.)

आधी थोडी पार्श्वभूमी. कृष्णवर्णीयांना इतर कॉलेजांची दारं बंद होती, त्या काळात त्यांच्यासाठी म्हणून ज्या संस्था निघाल्या त्यांतली टस्कीगी ही एक फार नावाजलेली संस्था. ती सुरू कशी झाली हे ऐकलं तर आपल्याकडच्या निवडणुका आठवतील. १८८० मध्ये फॉस्टर नावाच्या गोऱ्या उमेदवाराला कृष्णवर्णीयांची मतं हवी होती. त्यानं लुईस ॲडम्स या पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराला गाठलं. ॲडम्स एकेकाळचे गुलाम. मतांच्या बदल्यात त्यांनी स्वतःसाठी काही मागितलं नाही, शाळा मागितली. फॉस्टर निवडून आला, आणि आश्चर्य म्हणजे शब्दाला जागला! राज्यानं वर्षाला २००० डॉलर मंजूर केले. पण ते फक्त शिक्षकांच्या पगारासाठी. जागा, इमारत, पुस्तकं? तुमचं तुम्ही बघा.

ते बघायला व्हर्जिनियाहून आले बुकर टी. वॉशिंग्टन. वय पंचवीस, जन्म गुलामीतला. ४ जुलै १८८१ रोजी तीस विद्यार्थ्यांनिशी शाळा सुरू झाली. मग पाचशे डॉलरला एक ओसाड पडलेला मळा घेतला, तोही उसनवारीवर. इमारतींसाठी विटा विद्यार्थ्यांनीच भाजायच्या असं ठरलं. पहिल्या तीन भट्ट्या फसल्या. चौथीसाठी पैसेच नव्हते, तेव्हा बुकर यांनी आपलं घड्याळ पंधरा डॉलरला गहाण टाकलं. चौथी भट्टी जमली. घड्याळ काही परत आलं नाही.

इंजिनीअर असल्यामुळे असेल, पण या सगळ्यात मला अडवून धरतात त्या विटा. या आवारातल्या जुन्या इमारतींचे आराखडे काढले रॉबर्ट टेलर यांनी. एमआयटीमधून वास्तुशास्त्राची पदवी घेणारे ते पहिले कृष्णवर्णीय, साल १८९२. ती पदवी घेऊन हा माणूस बॉस्टन-न्यूयॉर्कात राहिला नाही, अलाबामात आला आणि मुलांकडून इमारती बांधून घेतल्या. १८९८ मध्ये पुरं झालेलं चॅपल हे त्यांचं सर्वांत आवडतं काम. १९४२ च्या डिसेंबरमध्ये त्याच चॅपलमध्ये प्रार्थनेला आलेले असताना ते कोसळले आणि गेले. पुढे १९५७ मध्ये ते चॅपलही आगीत गेलं. आज तिथं दिसतं ते १९६९ सालचं नवं. टेलर यांच्या नावानं २०१५ मध्ये पोस्टाचं तिकीट निघालं.

इथं जोतीराव फुल्यांची आठवण काढणं भाग आहे. 'गुलामगिरी' १८७३ मध्ये प्रसिद्ध झाली, ती जोतीरावांनी अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, गुलामांना मुक्त केल्याबद्दल. त्या वर्षी बुकर वॉशिंग्टन व्हर्जिनियात हॅम्प्टनच्या शाळेत होते, झाडलोट करून फी भागवत होते. जोतीरावांना जे दिसलं ते खोटं नव्हतं. त्या दिवसांत कृष्णवर्णीय मतदान करत होते, निवडूनही येत होते. पण १८७७ मध्ये केंद्राचं सैन्य दक्षिणेतून निघालं आणि पुढच्या पंचवीस वर्षांत हे सगळं एकेक करून काढून घेण्यात आलं. टस्कीगी उभी राहिली ती या उतरत्या काळात. त्या काळात काय झालं याचा हिशेब टस्कीगीच्या कागदांत आहे.

बुकर वॉशिंग्टन यांच्यावर त्यांच्या हयातीतच टीका झाली, की हा माणूस गोऱ्यांपुढे फार वाकतो, हक्कांबद्दल बोलत नाही, विटा-सुतारकाम शिका म्हणतो. १८९५ च्या त्यांच्या अटलांटाच्या भाषणावरून तर आजही वाद घालता येतो. पण त्यांच्या मागे राहिलेल्या पत्रव्यवहाराचं (त्याचा मोठा भाग आता वॉशिंग्टन शहरात लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे) लुईस हार्लन या इतिहासकारांनी वर्षानुवर्षं वाचन केलं तेव्हा वेगळाच माणूस बाहेर आला. मताधिकार काढून घेणाऱ्या अलाबामाच्या राज्यघटनेविरुद्धचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, १९०३ मध्ये तो हरला. त्याला पैसे पुरवत होते बुकर वॉशिंग्टन, गुपचूप. त्याबद्दलच्या पत्रांत खोटी नावंसुद्धा वापरलेली आहेत! व्यासपीठावर एक आणि टपालात दुसरं. एखाद्याला हे दुटप्पी वाटेल. १९०३ च्या अलाबामात संस्था चालवायची होती हे लक्षात घेतलं तर मला तसं वाटत नाही.

आता कार्व्हर. १८९६ मध्ये आयोवाहून एमएस करून तो आला. आल्या-आल्या दोन खोल्या मागितल्या, एक स्वतःला आणि एक झाडांच्या नमुन्यांना. बाकीचे शिक्षक एकेका खोलीत दोघे-दोघे राहत होते, त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. पुस्तकातला संत कार्व्हर आपल्याला पाठ असतो. पत्रांतला कार्व्हर चिडतो, रुसतो, राजीनाम्याच्या धमक्या देतो. शाळेच्या कोंबड्यांचं खातंही त्याच्या गळ्यात होतं आणि कोंबड्यांचा हिशेब काही जुळेना! त्यावरून वॉशिंग्टन आणि त्याची जी पत्रापत्री झाली ती वाचताना आपल्याकडच्या कुठल्याही शिक्षणसंस्थेच्या स्टाफरूमची आठवण व्हावी. मला तर हा कार्व्हर जास्त आपला वाटतो.

ज्या वर्षी गवाणकरांचं पुस्तक आलं, त्याच १९८१ मध्ये लिंडा मॅकमरी यांचं कार्व्हरचं इंग्रजी चरित्र आलं, कागदपत्रं तपासून लिहिलेलं. भुईमुगापासून शेकडो पदार्थ आणि त्यामुळे दक्षिणेची शेती तरली, या कीर्तीला त्यांनी जरा चाप लावला. पेटंटं तीनच, बाजारात टिकलेले पदार्थ फार थोडे. पण त्यांनीच दाखवून दिलं की त्याचं खरं मोठेपण दुसरीकडे होतं. कापसानं चोखून काढलेल्या जमिनीवर, कर्जात बुडालेल्या कुळांना, पैसा न घालता काय करता येईल हे त्यानं सांगितलं. १९०६ मध्ये खेचरं जोडलेली शेतकी शिक्षणाची गाडी गावोगाव पाठवली. साध्या भाषेतल्या पुस्तिका काढल्या. १९१६ सालच्या पुस्तिकेत भुईमुगाच्या १०५ पाककृती आहेत. (शेंगदाण्याची चटणी करणाऱ्यांना त्यात नवल वाटणार नाही!)

अडचण एवढीच, की प्रयोगांच्या नोंदी ठेवण्यात कार्व्हरला रस नव्हता. सगळं डोक्यात. आपल्या आजीला पुरणाचं प्रमाण विचारलं तर ती जसं 'अंदाजानं घाल' म्हणते, तसंच. त्यामुळे तो १९४३ मध्ये गेल्यावर पुष्कळसं त्याच्याबरोबर गेलं. १९४७ मध्ये म्युझियमला आग लागली, तीत त्यानं काढलेली बहुतेक चित्रंही जळाली.

आणि त्याच आवारात एक माणूस असा होता, जो अंदाजानं काहीच करत नव्हता.

मन्रो नेथन वर्क. आडनाव खरंच वर्क! जन्म १८६६, नॉर्थ कॅरोलायना. आई-वडील दोघंही गुलामीतून सुटलेले. बालपण कॅन्ससमध्ये शेतावर गेलं, घरच्या जबाबदाऱ्यांमुळे हायस्कूलला जायलाच विशी उलटली. पुढे शिकागो विद्यापीठातून समाजशास्त्रात १९०३ मध्ये एमए. म्हणजे पदव्युत्तर शिक्षण संपलं तेव्हा वय छत्तीस-सदतीस. 'अमेरिकन जर्नल ऑफ सोशिऑलॉजी'मध्ये लेख छापून आलेले ते पहिले कृष्णवर्णीय. विचारांनी ते बुकर यांच्या विरोधकांना, म्हणजे ड्यू बॉइस यांच्या गटाला जवळचे. १९०५ च्या नायगारा बैठकीलाही गेले होते. तरी १९०८ मध्ये ते टस्कीगीत आले. बुकर यांना भाषणांसाठी, शाळेची प्रगती दाखवण्यासाठी आकडे हवे होते. वर्क यांनी त्या निमित्तानं एक खातंच उभं केलं, नोंदी आणि संशोधन विभाग.

काम काय? वर्तमानपत्रं मागवायची, दक्षिणेतली, उत्तरेतली, गोऱ्यांची, कृष्णवर्णीयांची. ती वाचायची, कात्रणं काढायची, विषयवार-वर्षवार लावायची. कृष्णवर्णीयांच्या जीवनाशी संबंधित काहीही: शेती, चर्च, बँका, शाळा, संशोधक, खेळाडू, मृत्यूचं प्रमाण. हा संग्रह वर्क यांच्यानंतरही वाढत राहिला. पुढे त्याची मायक्रोफिल्म झाली ती २५२ रिळं भरली, आणि मोठ्या विद्यापीठांच्या लायब्रऱ्यांत ती पाहायला मिळतात. कुणीतरी कात्री घेऊन बसल्याशिवाय हे झालेलं नाही. १९१२ पासून याच माहितीतून 'नीग्रो इयर बुक' निघू लागलं. वर्क यांच्या हयातीत त्याच्या नऊ आवृत्त्या झाल्या. १९२८ मध्ये त्यांनी आफ्रिका आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांवरच्या लिखाणाची सूची छापली, सतरा हजार नोंदींची. तेव्हा कॉम्प्युटर तर सोडाच, चांगला टंकलेखकही दुर्मीळ!

पण वर्क यांचं नाव राहिलंय ते आणखी एका नोंदीमुळे. ती लिंचिंगची.

लिंचिंग म्हणजे जमावानं कोर्टकचेरी बाजूला सारून एखाद्याला ठार मारणं, बहुतेक वेळा झाडाला टांगून, कधी जाळून, आणि पुष्कळदा बघायला गर्दी जमवून. सरकार याची मोजदाद करत नव्हतं. 'शिकागो ट्रिब्यून'नं १८८२ पासून वर्षाची यादी छापायला सुरुवात केली होती. आयडा बी. वेल्स या निर्भय बाईंनी त्याच आकड्यांवरून १८९० च्या दशकात देशाला जाब विचारला होता. वर्क यांनी तो धागा उचलला आणि सोडला नाही. प्रत्येक घटनेचं नाव, गाव, तारीख, आरोप. एकाच घटनेच्या दोन पत्रांतल्या बातम्या ताडून पाहायच्या. मग ठरावीक काळानं एक कोरडं निवेदन देशभरच्या संपादकांना टपालानं जायचं: या काळात इतके, गेल्या वर्षी याच काळात इतके, अमुक राज्यात इतके. एक विशेषण नाही. हेच त्याचं बळ होतं. ज्या गोऱ्या संपादकांनी निषेधाचं पत्रक टोपलीत टाकलं असतं, ते टस्कीगीचे आकडे छापत. टस्कीगी 'समंजस' संस्था म्हणून ओळखली जात होती ना!

आता आकडे. १८८२ ते १९६८ पर्यंत एकूण ४७४३. त्यांत कृष्णवर्णीय ३४४६. एकटं १८९२ साल घेतलं तर २३०. मिसिसिपी ५८१, जॉर्जिया ५३१, अलाबामा ३४७. आणि सर्वांत महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे. 'आमच्या बायकांच्या रक्षणासाठी हे करावं लागतं' असं लिंचिंगचे समर्थक उघड सांगत, सेनेटमध्येसुद्धा. टस्कीगीच्या नोंदींप्रमाणे बलात्काराचा किंवा त्याच्या प्रयत्नाचा नुसता आरोप तरी होता अशी प्रकरणं सगळी मिळून शंभरात पंचवीसच्या आसपास. आरोप, सिद्ध झालेला गुन्हा नव्हे. उरलेल्या पंचाहत्तरांचं काय, या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

आमच्या धंद्यात म्हणतात, मोजायच्या आधी काय मोजायचं ते ठरवा. १९४० च्या डिसेंबरमध्ये टस्कीगीत यावर बैठक झाली. व्याख्या ठरली: माणूस मेल्याचा कायदेशीर पुरावा हवा, मृत्यू बेकायदा झालेला हवा, मारणारे तीन किंवा अधिक हवेत, आणि न्याय, वंश किंवा परंपरा यांच्या नावाखाली केलेलं हवं. व्याख्या चोख, पण तिच्या जाळीतून निसटणारंही पुष्कळ होतं. रात्री दोघांनीच येऊन गोळी घातली तर? प्रेत सापडलंच नाही तर? शिवाय रकाने दोनच, काळे आणि गोरे. त्यामुळे टेक्सासमधले मेक्सिकन लोक गोऱ्यांच्या रकान्यात गेले. १९५२ मध्ये पहिल्यांदा वर्षाचा आकडा शून्य आला. तेव्हा टस्कीगीनं जल्लोष केला नाही. लिंचिंगच्या संख्येवरून आता परिस्थिती कळत नाही, असं सांगून पुढच्याच वर्षानंतर ती नियमित निवेदनं बंद केली. वर्क तेव्हा हयात नव्हते. १९४५ मध्ये ते गेले. त्यांची परंपरा जेसी गुझमन या बाईंनी चालवली.

जॉर्जियाचा ५३१ हा आकडा मी अनेकदा वाचला, पण तो घराजवळ आला कमिंगमुळे. अटलांटाच्या उत्तरेला फोरसाइथ काउंटी आपल्या वाचकांपैकी कित्येकांच्या परिचयाची असेल. शाळा चांगल्या म्हणून आपली बरीच कुटुंबं तिथं गेली, आमची लेक लॅनियरची सहलही त्याच बाजूला होते. १९१२ च्या सप्टेंबरमध्ये त्या काउंटीच्या गावात, कमिंगला, रॉब एडवर्ड्स या कृष्णवर्णीय तरुणाला जमावानं तुरुंगातून ओढून काढून मारलं आणि खांबाला टांगलं. पुढच्या काही आठवड्यांत धमक्या देऊन, घरं आणि चर्च पेटवून सुमारे अकराशे कृष्णवर्णीयांना काउंटीबाहेर हाकलण्यात आलं. त्यांच्या जमिनी मागं राहिल्या. काउंटी जवळजवळ पूर्ण गोरी राहिली, पाऊणशे वर्षं. १९८७ च्या जानेवारीत तिथं निघालेल्या मोर्च्यावर दगडफेक झाली, आणि आठवड्याभरानं वीस हजार लोक चालून आले. आज तिथल्या ग्रोसरी स्टोअरमध्ये मुरमुरे आणि भाजणी मिळते. घराचे कागद करताना त्या जमिनीचा १९१२ च्या आधीचा मालक कोण, हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं आणि एजंटनं सांगायचं काही कारणही नव्हतं.

टस्कीगीच्याच नावावर आणखी एक यादी आहे, तिचाही उल्लेख टाळता येत नाही. १९३२ पासून चाळीस वर्षं अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्यानं मेकन काउंटीतल्या सहाशे कृष्णवर्णीय पुरुषांवर 'अभ्यास' केला. ३९९ जणांना सिफिलिस होता, २०१ जणांना नव्हता. आजार काय आहे ते सांगितलं नाही; १९४० च्या दशकात पेनिसिलिन आलं, तेही दिलं नाही. या कामात संस्थेच्या इस्पितळाचीही मदत घेतलेली होती. १९७२ मध्ये बातमी फुटली, १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली. तपासण्या वेळच्या वेळी, नोंदी व्यवस्थित, शवविच्छेदनाची अहवालपत्रंसुद्धा जपलेली! वर्क यांच्या विभागापासून हाकेच्या अंतरावर हे चालू होतं. दोन्ही ठिकाणी माणसांची नावं कागदावर लिहिली जात होती, फक्त कशासाठी ते वेगळं होतं.

वर्क यांच्या नोंदी नंतर कामाला आल्या. मंटगमरीच्या 'इक्वल जस्टिस इनिशिएटिव्ह' या संस्थेनं २०१५ मध्ये लिंचिंगवर अहवाल काढला, तेव्हा टस्कीगीच्या यादीचा आधार घेतला आणि आधीच्या याद्यांत नसलेल्या शेकडो नावांची भर घातली. २०१८ च्या एप्रिलमध्ये त्यांनी उभारलेलं स्मारक खुलं झालं. आठशेहून अधिक पोलादी स्तंभ, एका काउंटीला एक, त्यावर नावं कोरलेली. लिंचिंग हा केंद्रीय गुन्हा ठरवणारा कायदा मात्र व्हायला २९ मार्च २०२२ उजाडलं. १९२२ मध्ये तसं विधेयक हाउसमध्ये मंजूर होऊन सेनेटमध्ये अडवलं गेलं होतं. मधे बरोबर शंभर वर्षं गेली.

जाणार असाल तर इंटरस्टेट ८५ च्या एक्झिट ३८ ला उतरा. कार्व्हर म्युझियम आणि बुकर वॉशिंग्टन यांचं 'द ओक्स' हे घर नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे. घर आतून दाखवतात की नाही ते आधी विचारून घ्या. दप्तरखान्यात कागद पाहायचे असतील तर अगोदर लिहून वेळ ठरवावी लागते, नुसतं जाऊन उभं राहून चालत नाही. मुलांना न्याच. विमानांचं वेड असलेल्या मुलांसाठी जवळच मोटन फील्ड आहे, दुसऱ्या महायुद्धातले टस्कीगी वैमानिक जिथं उडायला शिकले तो विमानतळ. कार्व्हर आणि बुकर यांच्या कबरी चॅपलजवळ शेजारी-शेजारी आहेत, कोंबड्यांचं भांडण मिटलेलं दिसतं. आणि पोळीभाजी बरोबर ठेवा. शाकाहारी माणसाचे त्या गावात हाल आहेत.